दोनशे रुपयांत फ्लॅट मुलाच्या नावावर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

«मी ६७ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. डोंबिवलीत राहते. पेन्शन महिना ४१ हजार. मिस्टर चार वर्षांपूर्वी अचानक गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. राहतं घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. त्याशिवाय १९९८ साली ३ लाख ४० हजारांना घेतलेला एक वन बीएचके त्यांच्या एकट्याच्या नावावर होता, नॉमिनी मी. ते गेल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर करून दिलं. त्याचं १४ हजार भाडं येतं. मुलगा पुण्यात आयटीत आहे, पगार वर्षाला २८ लाख, डोक्यावर दोन कर्जं. मुलगी नाशिकला, तिचं लग्न २०११ साली झालं. मुलाचं म्हणणं असं, की वन बीएचके बक्षीसपत्राने त्याच्या नावावर करावा, दोनशे रुपयांत होतं. मग तो विकून पुण्यात एका नव्या प्रोजेक्टमध्ये पैसे गुंतवेल. नाहीतर सुनेच्या नावावर करा म्हणतो. ती सध्या नोकरी करत नाही, म्हणजे भाड्यावर टॅक्सच नाही. एजंटने मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठवलाय आणि पुढच्या मंगळवारी रजिस्ट्रेशनची वेळ घेतलीय. नंतर पटलं नाही तर रद्दही करता येतं, असं तो म्हणाला. मुलीला अजून काही सांगितलेलं नाही, तिला लग्नात दिलंच आहे. सही करू का?»

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न टॅक्सचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना ‘नॉमिनी मी’ या दोन शब्दांशी थांबले. टॅक्सकडे येऊच, पण त्याआधी एक विचारते: जो फ्लॅट तुम्ही द्यायला निघालात, तो पूर्ण तुमचा आहे का?

नाही. त्यातला एक तृतीयांश तुमचा आहे.

धक्का बसला असेल, कारण शेअर सर्टिफिकेटवर नाव तुमचं आहे, मेंटेनन्सची बिलं तुमच्या नावाने येतात, भाडेकरू तुम्हालाच भाडं देतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीला व्यवहार कुणाशी करायचा, पत्र कुणाला धाडायचं, एवढ्यापुरतं ते नाव असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तिच्यात तर नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ असंच म्हटलंय. मालकी वारसांची. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा वाटा. तुम्ही सासूबाईंचा उल्लेख केलेला नाही, म्हणून त्या हयात नाहीत असं धरते. मग तिघं उरता: तुम्ही, मुलगा, मुलगी.

इथे बरेच जण याच वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीचं नाव घेतात आणि ‘आमच्या मुलीचं लग्न आधीच झालं होतं’ किंवा ‘ते आधीच वारले’ असले हिशेब मांडतात. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीची. वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटला तिची गरजच नाही, त्यात मुलगी १९५६ पासून पहिल्या वर्गाची वारस आहे. लग्नात किती तोळे घातले याची नोंद हा कायदा ठेवत नाही. ‘तिला लग्नात दिलंच आहे’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की त्याच्यामागे वाईट हेतू असतो असं आता म्हणवत नाही. पण एक विचारून बघा स्वतःला. मुलाचं लग्न काय फुकट झालं होतं?

राहत्या घराचा हिशेब थोडा वेगळा. ते दोघांच्या नावावर, निम्मं-निम्मं धरलं तर तुमचा अर्धा पूर्ण तुमचा, आणि त्यांच्या अर्ध्याचे तीन भाग. म्हणजे तुमचे दोन तृतीयांश, मुलांचा प्रत्येकी एक षष्ठांश. हे आजच कागदावर लिहून कपाटात ठेवा.

तर, एजंटने पाठवलेल्या मसुद्यात ‘लिहून देणार ही सदर मिळकतीची एकमेव मालक’ असं काहीतरी वाक्य असणार. ते खरं नाही. तुम्ही सही केलीत तरी तुमच्या मुलीचा तिसरा हिस्सा तुमच्या सहीने कुठे जात नाही. तो तिथेच राहील आणि दहा वर्षांनी दिवाणी दावा होऊन परत येईल, तेव्हा भाऊ-बहीण कोर्टाच्या बाकावर दोन टोकांना बसलेले असतील. मुलाने तो फ्लॅट विकायला काढला आणि गिऱ्हाईक गृहकर्ज घेणारं निघालं, तर बँकेचा वकील आदल्या मालकाच्या वारसांचे कागद मागेल. गाडी तिथेच अडेल, तुम्ही बक्षीसपत्र करा अथवा न करा.

आता ते दोनशे रुपये. एजंट खोटं बोललेला नाही, अर्धं बोललाय. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात निवासी मिळकत किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक दोनशे रुपये, ही सवलत खरी आहे. पण महापालिका हद्दीत बक्षीसपत्रावर स्थानिक अधिभार लागतो, मेट्रोच्या शहरांत त्याचा वेगळा. तो दोनशे रुपयांवर नव्हे, रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, निघणाऱ्या किमतीवर. तुमच्या फ्लॅटची सरकारी किंमत समजा ५२ लाख आहे, तर एक टक्काच म्हटला तरी ५२ हजार झाले. आणि यादी पुन्हा वाचा. त्यात ‘मृत मुलाची पत्नी’ आहे, नुसती सून नाही. तुमचा मुलगा देवाच्या दयेने खुशाल आहे, म्हणजे सुनेच्या नावावर करायचं तर मुद्रांक परक्याला देताना लागतो तोच: ५ टक्के, म्हणजे २ लाख ६० हजार, वर अधिभार. दोनशे रुपयांचं स्वप्न तिथेच संपलं.

बरं, कर वाचवण्यासाठी हे चाललंय ना? मग कर बघू.

तुमची पेन्शन वर्षाला ४ लाख ९२ हजार. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले ४ लाख १७ हजार. भाडं १ लाख ६८ हजार. घरपट्टी समजा ८ हजार, ती वजा. उरलेल्या १ लाख ६० हजारांतून ३० टक्के सरसकट वजावट. म्हणजे भाड्याचं करपात्र उत्पन्न १ लाख १२ हजार. दोन्ही मिळून साधारण ५ लाख २९ हजार. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. तुम्हाला आज या भाड्यावर एक रुपयाही टॅक्स नाही. (काटेकोर बोलायचं तर भाडंही तिघांचं आहे, पण सोयीसाठी सगळं तुमचंच धरलंय.)

हाच फ्लॅट मुलाच्या नावावर गेला तर? त्याचा पगार २८ लाख, तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात, सेस म्हणजे करावरचा उपकर धरून ३१.२. तुमच्याकडे शून्य असलेला कर त्याच्याकडे वर्षाला ३५ हजारांच्या आसपास होतो. घराबाहेर जाणारा पैसा वाढला, कमी नाही झाला.

सुनेचं गणित आणखी गमतीचं. सासूने सुनेला फुकट दिलेल्या मिळकतीचं उत्पन्न आयकराच्या दृष्टीने सासूच्याच उत्पन्नात धरतात. याला क्लबिंग म्हणतात. नवऱ्याने बायकोला दिलेल्याचंही तसंच. म्हणजे अडीच लाखांहून जास्त मुद्रांक भरून, दोन साक्षीदार उभे करून, शेवटी भाडं तुमच्याच रिटर्नमध्ये यायचं. उद्या सुनेने फ्लॅट विकला तर त्याचा नफाही तुमच्या खात्यात. कल्पना ज्याची असेल त्याला हे एकदा ऐकवा.

विक्रीच्या बाबतीत एक समज जवळपास प्रत्येक घरात आढळतो. ‘मला ५२ लाखांचा फ्लॅट बक्षीस मिळाला, मी ५५ ला विकला, नफा ३ लाख.’ तसं नसतं. बक्षीस देताना भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे खरं. पण घेणाऱ्याला देणाऱ्याची मूळ किंमत चिकटून येते, धारणेचा काळही. वारसाहक्काने आलं तरी तेच. तुमच्या फ्लॅटची पाळंमुळं १९९८ च्या ३ लाख ४० हजारांत आहेत. २००१ च्या आधीची मिळकत म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, मात्र ती त्या दिवशीच्या सरकारी मूल्याच्या वर नाही. मान्यताप्राप्त मूल्यांकनकार ती काढून देतो. समजा ती ४ लाख निघाली आणि फ्लॅट ५५ लाखांना गेला. नफा ५१ लाख, १२.५ टक्क्यांनी आणि सेस धरून ६ लाख ६३ हजार. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. २०२५-२६ च्या ३७६ निर्देशांकाने ४ लाखांचे १५ लाख ४ हजार होतात आणि कर ८ लाख ३१ हजारांवर जातो. तेव्हा पहिलाच बरा. मुद्दा असा, की तुम्ही विका, मुलाने विका किंवा तिघांनी मिळून विका, सरचार्ज (मोठ्या उत्पन्नावरचा जादा अधिभार) सोडला तर हा आकडा जवळपास तिथेच राहतो. बक्षीसपत्राने त्यातला एक पैसा सुटत नाही. आणि हो, १२ लाखांची जी सवलत वर सांगितली, ती या नफ्याला लागत नाही.

ज्यांना गणगोतातली देवाणघेवाण करायची आहे अशा इतर वाचकांसाठी इथे जरा आडवाटेला जाते. आपल्याकडे १९५८ साली बक्षीस कर कायदा आला, तेव्हा देणाऱ्याला कर पडायचा. १ ऑक्टोबर १९९८ पासून तो बंद झाला. आता प्रश्न घेणाऱ्याचा असतो: पन्नास हजारांहून जास्त सरकारी मूल्याची स्थावर मिळकत फुकट मिळाली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न. यातून ‘नातेवाईक’ वगळलेत, आणि स्वतःच्या लग्नात मिळालेली भेट व मृत्युपत्राने किंवा वारसाने आलेलंही वगळलंय. पण नातेवाईक कोण हे घेणाऱ्याच्या बाजूने मोजतात. म्हणून मामाने भाच्याला फ्लॅट दिला तर भाच्याला आयकर नाही, कारण मामा हा त्याच्या आईचा भाऊ. भाच्याने मामाला दिला तर मामाला मात्र अख्ख्या किमतीवर कर, कारण बहिणीचा मुलगा त्या यादीत बसत नाही. चुलत-मावस भावंडं तर दोन्हीकडून बाहेर. मुद्रांकाची यादी आणखी निराळी. भावाने बहिणीला किंवा मुलाने आईला दिलं तर तिथे ३ टक्के. मामाने भाच्याला दिलं तर आयकर माफ, मुद्रांक पूर्ण. आयकराचं गणगोत वेगळं आणि मुद्रांकाचं वेगळं, हे ध्यानात ठेवल्याशिवाय कुणी पेनाला हात लावू नये. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे बदलले, हे सूत्र नाही. शेतजमिनीचं तर आणखी निराळं: महाराष्ट्रात ती शेतकरी नसलेल्याला सहजासहजी देता येत नाही, आणि परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला ती बक्षीस देताच येत नाही, वारसाने मात्र जाऊ शकते.

परत तुमच्याकडे. एजंट म्हणाला, नंतर रद्द करता येतं.

एका दुय्यम निबंधक कार्यालयात घडलेली गोष्ट सांगते. मी दुसऱ्या कामासाठी बसले होते. शेजारी सत्तरीपुढचे एक आजोबा, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात टोकनची चिठ्ठी. त्यांचा नंबर आला. ऑपरेटर म्हणाला, ‘बाबा, अंगठा पुसून घ्या, मशीन घेत नाहीये.’ त्यांनी तीनदा सदऱ्याला अंगठा पुसला. वयाने रेषा झिजतात, मशीनला काही सापडत नव्हतं. मुलगा बाहेर फोनवर. तोवर मी त्यांना विचारलं, वाचलंत का? अकरा पानं होती, वाचलेलं एकही नव्हतं. मी चौथ्या पानावरची ओळ वाचून दाखवली: ‘सदर मिळकतीवर यापुढे लिहून देणार यांचा कोणताही हक्क व हितसंबंध राहिलेला नाही.’ ते क्षणभर थांबले आणि विचारलं, ‘म्हणजे खालच्या माझ्या खोलीवर पण?’ तेवढ्यात मशीनने अंगठा घेतला.

बक्षीसपत्र नोंदवलं गेलं, घेणाऱ्याने स्वीकारलं, की ते तुमच्या मनावर मागे येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तर ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशी अट घातलेलं बक्षीसच रद्दबातल ठरतं. फसवून, दबाव टाकून सही घेतली असं सिद्ध झालं तर कोर्ट रद्द करू शकतं, पण ते सिद्ध करायला किती वर्षं लागतात, हे एजंटला विचारा.

ज्येष्ठ नागरिकांना एक वाट जरूर आहे. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकतं. पण ती अट असावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात अट सिद्ध झाली नाही म्हणून आईच्या विरुद्ध निर्णय दिला. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवलं. तिथे मुलाने सांभाळाचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. कागद असला की बोलता येतं. तुमच्याकडे आलेल्या मसुद्यात सांभाळाबद्दल एक ओळ तरी आहे का, ते बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मसुद्यांत ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ एवढंच असतं, बाकी काही नाही.

मुलाला मी खलनायक करत नाहीये. दोन कर्जं, पुण्यातलं भाडं किंवा हप्ते, आणि आईचा फ्लॅट महिना १४ हजारांवर बसलेला. ५५ लाखांवर वर्षाला १ लाख ६८ हजार म्हणजे ३ टक्के, बँकेतल्या ठेवीहून कमी. त्याला वाटतं हा पैसा झोपलाय, आणि गुंतवणुकीच्या नजरेने पाहिलं तर तो चूक नाही. चूक आहे ती वाट. बक्षीसपत्र हे गुंतवणुकीचं साधन नाही, ते मालकी सोडण्याचं साधन आहे. आणि त्यातून कर वाचत नसेल तर इतकी घाई कशाची, हा प्रश्न त्याला विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट सांगते, पटलं तर घ्या.

पहिल्यांदा मुलीला फोन. वकिलाच्या आधी, सीएच्या आधी. ‘तुझा तिसरा हिस्सा आहे हे मला आत्ता कळलं’ असं सरळ सांगा. कदाचित ती म्हणेल, मला नको, दादाला दे. कदाचित म्हणेल, मला हवाय. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा. नको म्हणाली तर तोंडी नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र. वारसाने आलेल्या मिळकतीचं हक्कसोडपत्र आई, भाऊ यांच्या नावे नाममात्र मुद्रांकात होतं, पण त्यात कुणाच्या लाभात सोडलं ते नावानिशी असू द्या. माझा सल्ला विचाराल तर दोन्ही मुलांनी तुमच्या नावे सोडावं, आणि तुम्ही पुढचं मृत्युपत्राने ठरवावं. मुलं तयार असतील तर. नसतील तर तिघं मालक, हेही काही वाईट नाही.

विकायचंच असेल तर तिघांनी मिळून विका. प्रत्येकाचा नफा प्रत्येकाचा, प्रत्येकाचा कर प्रत्येकाचा, वर धरलेल्या आकड्यांत माणशी २ लाख २१ हजार. तुमच्या वाट्याच्या कर भरून उरलेल्या पैशातून मुलाला मदत करावीशी वाटली तर बँकेतून बँकेत द्या. त्याला आयकर नाही, मुद्रांक नाही, दुय्यम निबंधक नाही. रोख नको. एका वेळी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, मुलाने आईकडून घेतली तरी. एका साध्या कागदावर ‘भेट म्हणून दिले’ असं लिहून दोघांच्या सह्या करा, पुढे आयकराचं पत्र आलंच तर दाखवायला. आणि सगळे देऊ नका. किती ठेवायचे हे तुमच्या गुडघ्यांना आणि औषधांच्या बिलाला विचारा.

घर विकून पुन्हा घर घेतलं तर नफ्यावरचा कर वाचतो, ही सवलत तुमच्या मुलाच्या डोक्यात असेल. ती खरी आहे. पण ती विकणाऱ्याला मिळते. तुम्ही विकायचं आणि नवं घर मुलाच्या एकट्याच्या नावावर घ्यायचं, तर तुमची सवलत धोक्यात. नव्या घरात तुमचे पैसे असतील तर करारात तुमचं नाव हवं, तेही पहिलं. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर ते विक्रीपासून तीन वर्षांत पुरं व्हायला हवं. ब्रोशरवरच्या तारखेवर हे अवलंबून ठेवायचं का, तुम्हीच ठरवा. शिवाय तयार घरावर नसलेला जीएसटी चालू बांधकामावर असतो, परवडणाऱ्या घरांखेरीज बाकीच्यांवर ५ टक्के. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर त्या प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक घालून बघा. नोंदणीच नसेल तर बुकिंग घेणंच बेकायदा. नोंदणी असली तरी करार रजिस्टर होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. हे काम तुमच्या मुलाला पाच मिनिटांचं आहे, तो आयटीतला.

आणि एवढं सगळं ऐकूनही तुम्हाला वाटलं की नाही, मला माझा हिस्सा मुलालाच द्यायचाय, माझ्या डोळ्यांदेखत? तेही चुकीचं नाही. द्या. फक्त तुमचा हिस्सा द्या. दस्तात लिहून घ्या की हयातीपर्यंत त्या हिश्श्याचं भाडं तुम्हीच घ्याल. आयुष्यभराचा उपभोग स्वतःकडे ठेवून दिलेलं बक्षीस चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलंय. सांभाळाची अट साध्या मराठीत लिहा: औषधपाणी, राहणं, महिन्याची रक्कम. मुलगा अवघडेल, म्हणेल आईने माझ्यावर अटी घातल्या. त्याला सांगा, तुझ्यावर नाही, कागदावर घातल्या. राहत्या घराला मात्र हात लावू नका. त्याच्याबद्दल कुणी बोलायला लागलं तर चहा टाकायला उठा.

मृत्युपत्राबद्दल एक. पुष्कळ ज्येष्ठांना ते अशुभ वाटतं, बक्षीसपत्र शुभ. पण मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, तरी करून घ्यावी. दोन साक्षीदार ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. घेणाऱ्याच्या कराचं गणित बक्षीसपत्रासारखंच, तीच मूळ किंमत, तोच धारणाकाळ. फरक इतकाच, की उद्या नाशिकहून लेक आठ महिने येऊन तुमची सेवा करून गेली आणि तुम्हाला काही बदलावंसं वाटलं, तर बदलता येतं.

मंगळवारची वेळ रद्द करा. ऑनलाइन घेतलेली आहे, ऑनलाइनच सोडता येते, आणि पुन्हा पाहिजे तेव्हा मिळते. मुलाला सांगा, आई म्हणते रविवारी नाशिकला जाऊ, सगळे. येताना त्याच्याकडून तो मसुदा छापून आणायला सांगा, अकरा असोत की पंधरा, आणि प्रत्येक पान मुलीसमोर मोठ्याने वाचायला लावा.